जपानच्या गादीचा कुर्सीनामा

कुर्सीनाम्याचा कागद पेटीतून बाहेर केव्हा निघतो, हे बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांना सांगायला नको. वतनाचा तंटा उभा राहिला, दत्तकाचा प्रश्न निघाला, किंवा वाड्याच्या वाटण्या करण्याची वेळ आली, की पिवळा पडलेला तो कागद उलगडला जातो. सारे सुरळीत चालले असता मूळपुरुष कोण आणि कितव्या पिढीत पाती वेगळी झाली, याची चौकशी कोणी करीत नाही.

आज जपानच्या राजघराण्यावर ही वेळ आली आहे. १ मे २०१९ रोजी गादीवर आलेले सम्राट नारुहितो हे परंपरेच्या गणनेने १२६ वे सम्राट. त्यांना एकच अपत्य, राजकन्या आइको. तिचा जन्म २००१ सालचा. १९४७ च्या राजगृह कायद्याप्रमाणे गादीवर फक्त पुरुषवंशातील पुरुषाचाच हक्क पोहोचतो. म्हणून ती आइकोकडे न जाता सम्राटांचे धाकटे बंधू आकिशिनो यांच्याकडे आणि त्यांच्यामागे त्यांचा मुलगा हिसाहितो याच्याकडे जायची आहे. हिसाहितो २००६ सालचा. त्याच्या पिढीत हक्क पोहोचेल असा दुसरा मुलगा घराण्यात नाही. एवढ्या जुन्या गादीची सारी भिस्त एका तरुणावर येऊन थांबली आहे, आणि जपानी लोक आपला कुर्सीनामा पुन्हा उलगडून बसले आहेत.

माझी सारी उमर शाळेत इतिहास शिकविण्यात गेली. आमच्या क्रमिक पुस्तकांत जपान १८६८ साली जन्माला येई आणि १९०५ साली रशियाचा पराभव करून पुस्तकातून निघून जाई. त्याच्या मागचे काही विचारण्याची ना विद्यार्थ्यांना हौस, ना मास्तरांना सवड. निवृत्तीनंतर मी या जुन्या भागाच्या नादी लागलो. १८८९ च्या जपानी राज्यघटनेचे पहिलेच कलम सांगत होते की, अनादी काळापासून अखंड चालत आलेल्या एकाच वंशाचे सम्राट या देशावर राज्य करतील. ‘अखंड’ हा शब्द वाचून मी थबकलो. दोन-तीनशे वर्षांची आपली घराणी घ्या. त्यांतसुद्धा अखंड म्हणावा असा वंश किती जणांचा निघेल? मग त्यांचे इतके जुने घराणे अखंड राहिले ते कसे? त्याचा शोध घेताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

कागद केव्हा झाला?

जपानी वंशावळीचे मूळ कागद दोन: ‘कोजिकी’, म्हणजे जुन्या गोष्टींची नोंद, आणि ‘निहोन शोकी’, म्हणजे जपानचा इतिवृत्तांत. पहिला ग्रंथ ७१२ साली पुरा झाला, दुसरा ७२० साली. पहिल्याची हकीकत मोठी मौजेची आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस सम्राट तेम्मू यांना असे दिसून आले की, घराण्याघराण्यांजवळच्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत आणि त्यांत पुष्कळ खोटेनाटे घुसडले गेले आहे. तेव्हा हिएदा नो आरे नावाच्या तल्लख स्मरणशक्तीच्या सेवकाकडून त्यांनी सारी जुनी माहिती मुखोद्गत करवून घेतली. तेम्मू वारले, काम राहिले. पुढे सम्राज्ञी गेम्मेई यांच्या आज्ञेवरून ओ नो यासुमारो या पंडिताने ते लिहून काढले.

हे तेम्मू स्वतः गादीवर कसे आले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या या आस्थेचा उलगडा होतो. थोरले बंधू तेंजी वारल्यावर ६७२ साली तेम्मूंनी तेंजींच्या मुलाशी, म्हणजे सख्ख्या पुतण्याशी, युद्ध करून गादी घेतली. पुतण्याने आत्महत्या केली. वंशावळ नीट लिहून ठेवण्याची निकड काकांना वाटली ती यानंतर.

या ग्रंथांप्रमाणे पहिला सम्राट जिम्मू. सूर्यदेवता आमातेरासू हिचा तो वंशज. क्यूशू बेटावरील ह्यूगा प्रांतातून तो पूर्वेकडे निघाला, लढत लढत यामातो प्रांतात पोहोचला आणि काशिहारा येथे इसवी सनापूर्वी ६६० या वर्षी राज्यावर बसला. वाटेत डोंगरात रस्ता चुकला असता देवीने धाडलेल्या एका प्रचंड कावळ्याने त्याला वाट दाखविली. आपल्या बखरींत देवीचा दृष्टांत येतो, तिथे त्यांच्याकडे कावळा आला एवढेच.

६६० हा आकडा आला कुठून? मेइजी काळात नाका मिचियो या अभ्यासकाने त्याचा हिशेब मांडून दाखविला. साठ संवत्सरांचे चक्र चीनकडून जपानकडे आले होते. अशी एकवीस चक्रे, म्हणजे १२६० वर्षे, पुरी झाली की मोठी राज्यक्रांती होते अशी एक चिनी समजूत होती. सम्राज्ञी सुइको हिच्या कारकिर्दीतील ६०१ हे वर्ष धरून १२६० वर्षे मागे मोजली की नेमके ते साल येते. एवढी वर्षे भरून काढायची म्हणजे राजे दीर्घायुषी हवेत. म्हणून जिम्मूला एका ग्रंथात १२७ वर्षांचे आयुष्य मिळाले आणि दुसऱ्यात १३७; दहावा सम्राट सुजिन याला कोजिकीत १६८. ‘जिम्मू’ हे नावसुद्धा आठव्या शतकात ओमी नो मिफुने या पंडिताने मागाहून दिलेले. हयातीत त्या नावाने त्याला कोणी हाक मारली नसणार.

जिम्मूच्या मागचे आठ राजे, दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत, तर जवळजवळ नावापुरते आहेत. त्यांचा वाडा कुठे, राणी कोण, मुले किती, समाधी कुठे, एवढेच बहुतेक ठिकाणी लिहिले आहे. जपानी इतिहासकार त्यांना ‘वृत्तांत नसलेल्या आठ पिढ्या’ म्हणतात. गंमत अशी की, ‘या देशावर प्रथम राज्य करणारा’ हे बिरुद निहोन शोकीने जिम्मूलाही दिले आहे आणि दहाव्या सुजिनलाही. एका घराण्याला दोन मूळपुरुष निघाले की कागद मागाहून वाढविला आहे, हे आपल्याकडचा साधा कारकूनसुद्धा ओळखील. जिम्मूपासून तेराव्या सेइमूपर्यंत गादी सरळ बापाकडून मुलाकडे जाते. माणसे खरीखुरी दिसू लागतात तिथून मात्र भाऊ, पुतणे, चुलत भाऊ यांची गर्दी होते आणि रक्तही सांडू लागते.

चिनी दप्तर आणि गंजलेली तलवार

घरच्या कागदाची परीक्षा शेजाऱ्याच्या कागदाने करावी, हा तपासाचा जुना नियम. जपानच्या बाबतीत हा शेजारी म्हणजे चीन. तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासात जपानी बेटांवरील एका राणीचा वृत्तांत आहे. तिचे नाव हिमिको. देशात बरीच वर्षे बंडाळी चालली होती. ती मिटविण्यासाठी सरदारांनी एकमताने या स्त्रीला गादीवर बसविले. ती मंत्रतंत्र जाणणारी होती, अविवाहित होती, आणि राज्यकारभारात तिचा धाकटा भाऊ तिला मदत करी. २३९ च्या सुमारास तिने चीनमधील वेइ राज्याकडे वकील पाठविले; तिकडून तिला सोन्याचा शिक्का आणि काशाचे शंभर आरसे मिळाले. ती वारल्यावर एक पुरुष राजा झाला, पण लोक त्याला मानीनात. हजारावर माणसे मारली गेली. अखेर हिमिकोच्या नात्यातील तेरा वर्षांच्या मुलीला गादीवर बसविले, तेव्हा शांतता झाली.

कोजिकीत हिमिकोचे नाव नाही. निहोन शोकीच्या कर्त्यांनी मात्र तो चिनी इतिहास वाचला होता. त्यांनी सम्राज्ञी जिंगू हिच्या प्रकरणात त्यातील उतारे देऊन ठेवले आणि या बलाढ्य राणीची जागा जिंगूला देऊ केली. सुजिन, जिंगू, हिमिको यांचे नाते नेमके काय, यावर जपानात पुष्कळ शाई खर्च झाली आहे. एवढे मात्र खरे की, जपानी राज्यकर्त्यांपैकी सर्वांत आधी जिच्याविषयी समकालीन लेखी माहिती इतक्या विस्ताराने मिळते, ती व्यक्ती स्त्री आहे.

पाचव्या शतकात चिनी दप्तरात पाच जपानी राजांची नोंद येते. ४२१ पासून ४७८ पर्यंत त्यांचे वकील चीनकडे जात होते. यातला शेवटचा राजा म्हणजे परंपरेतील एकविसावा सम्राट यूर्याकू, असे अभ्यासक मानतात. त्याचा भक्कम पुरावा जमिनीतून निघाला. तोक्योच्या वायव्येस साइतामा प्रांतात इनारियामा नावाची एक समाधीची टेकडी आहे. तेथे १९६८ साली एक गंजलेली तलवार सापडली. दहा वर्षे ती तशीच होती. १९७८ साली गंज थांबविण्याच्या उपचाराच्या वेळी क्ष-किरणांनी तिची तपासणी केली, तेव्हा आत सोन्याच्या तारेने भरलेली ११५ अक्षरे दिसली! त्यांत ‘वाकाताकेरू’ या थोर राजाचे नाव होते. हेच यूर्याकूचे खरे नाव. साल संवत्सराच्या नावाने दिलेले. बहुतेक अभ्यासक ते ४७१ धरतात. दूर दक्षिणेस क्यूशू बेटावर १८७३ साली सापडलेल्या दुसऱ्या एका तलवारीवरही हेच नाव आहे, असे मग लक्षात आले. म्हणजे पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत या राजाचे नाव चालत होते.

मला त्या तलवारीवरील आणखी एका गोष्टीने वेड लावले. ती बाळगणारा सरदार ओवाके याने राजाचे नाव कोरविले, त्याच्याआधी स्वतःच्या घराण्याची वंशावळ कोरविली. अमक्याचा मुलगा तमका, अशा आठ पिढ्या. जपानच्या भूमीत सापडलेल्या लेखी कुर्सीनाम्यांत हा फार जुना. आणि तो राजाचा नसून चाकराचा आहे.

भाऊबंदकी आणि भावाचे मन

हा यूर्याकू मोठा कर्तबगार, पण भाऊबंदांचा काळ. त्याचा वडील भाऊ आंको गादीवर असताना त्याचा खून झाला. त्या गोंधळात यूर्याकूने आपल्या दोन भावांना मारले, खुनी मुलाला मारले, आणि इचिनोबे नो ओशिवा या चुलत भावाला शिकारीच्या निमित्ताने रानात नेऊन बाण मारला. गादी मिळाली; पण आजूबाजूची पाती छाटली गेली. यूर्याकूचा मुलगा सेइनेई निपुत्रिक निघाला, आणि मग गादीला वारस शोधण्याची पाळी आली.

इचिनोबेचे दोन कोवळे मुलगे बापाच्या खुनानंतर पळून गेले होते. हारिमा प्रांतात एका गावकऱ्याच्या घरी ते गुरे-घोडे राखीत होते. एकदा त्या घरी वास्तुशांतीचा समारंभ होता. राजधानीकडून आलेला अंमलदार पाहुणा होता. चाकरांनाही नाचण्या-गाण्याचा आग्रह झाला. धाकट्या भावाने गाता गाता आपले कूळ उघड केले. अंमलदार आसनावरून उठला, पोरांच्या पाया पडला. दोघांना राजधानीत आणले.

आता गादीवर कोणी बसावे? थोरला म्हणे, तू धीर केलास म्हणून आपण जगापुढे आलो, तेव्हा तूच बस. धाकटा म्हणे, वडील भाऊ असताना मी कसा बसू? हा प्रेमाचा तंटा मिटेपर्यंत त्यांच्या घरातील इइतोयो नावाच्या राजकन्येने कारभार पाहिला. अखेर धाकटा केंझो आधी बसला, त्याच्यामागून थोरला निंकेन. रामाच्या पादुका पूजणाऱ्या भरताच्या या देशाला ही कथा परकी वाटायची नाही.

कोजिकीत याच भावांचे आणखी एक प्रकरण आहे. केंझोने बापाचा सूड म्हणून यूर्याकूची समाधी उद्ध्वस्त करण्याचे ठरविले. थोरला म्हणाला, दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस, मी जातो. तो गेला आणि समाधीच्या कडेची थोडी माती उकरून परत आला. धाकट्याने विचारले, इतक्यात झाले? थोरल्याने सांगितले की, तो आपल्या बापाचा वैरी खरा, पण आपला काकाही आणि या देशाचा राजाही. सारी समाधी पाडली तर पुढच्या पिढ्या आपल्याला नावे ठेवतील. एवढी खूण पुरे. घराण्याचा मान आणि बापाचा सूड या दोहोंना एका मूठभर मातीत बसविणारा हा पुरुष मला त्या सगळ्या यादीत फार आवडला.

दूरचा भाऊबंद आणि घरची लेक

निंकेनचा मुलगा बुरेत्सू. निहोन शोकीत त्याच्या क्रौर्याच्या अंगावर काटा आणणाऱ्या कथा आहेत. वंश संपला की शेवटचा राजा दुष्ट ठरवायचा, ही चिनी इतिहासकारांची रीत होती. त्यातला हा प्रकार असावा असे अनेक विद्वान म्हणतात. तो ५०६ साली निपुत्रिक वारला. यादीतील सर्वांत अवघड जागा ही.

प्रधान ओतोमो नो कानामुरा आणि इतर सरदारांनी प्रथम तांबा प्रांतातील एका दूरच्या राजवंशीयाला आणण्याचे ठरविले. त्याने मानकऱ्यांबरोबरचे सैन्य पाहिले आणि घाबरून डोंगरात पळाला. पुन्हा सापडला नाही. मग त्यांची नजर उत्तरेकडे एचिझेनला राहणाऱ्या सत्तावन्न वर्षांच्या एका गृहस्थाकडे वळली. हाच पुढे सम्राट केइताई. पंधरावा सम्राट ओजिन याच्या पाचव्या पिढीतला वंशज, एवढाच त्याचा हक्क. ओजिन आणि केइताईचा बाप यांच्या मधल्या पिढ्या कोजिकीत किंवा निहोन शोकीत सलग दिलेल्या नाहीत. त्यालाही प्रथम संशय आला. शेवटी घोडे पाळणाऱ्या एका ओळखीच्या मनुष्याने गुप्तपणे निरोप पाठवून मानकऱ्यांचा हेतू खरा असल्याची खात्री दिली, तेव्हा तो निघाला. ५०७ साली ओसाकाजवळच्या कुसुबा येथे त्याचा राज्याभिषेक झाला. तरी निहोन शोकीप्रमाणे यामातोत पाय ठेवायला त्याला जवळजवळ वीस वर्षे लागली. एवढी वर्षे राजधानीबाहेर काढावी लागली, यावरून त्याला सर्वांनी हसत हसत स्वीकारले नसावे, हे उघड आहे. केइताईपासून निराळेच घराणे सुरू झाले असे म्हणणाऱ्या विद्वानांचा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष त्याला घराण्याचीच एक पाती मानतो.

वंश जुळला तो असा. केइताईने ताशिराका हिच्याशी लग्न केले. ही निंकेनची मुलगी, बुरेत्सूची बहीण, म्हणजे जुन्या घराची लेक. केइताईला आधीच्या राणीपासून दोन मोठे मुलगे होते, आंकान आणि सेंका. त्या दोघांचीही लग्ने निंकेनच्याच मुलींशी झाली. बापाच्या मागे दोघेही क्रमाने गादीवर आले. पण वंश पुढे चालला तो ताशिराकाच्या मुलाचा, सम्राट किम्मेई याचा. आजच्या सम्राटांपर्यंतची सारी परंपरा या किम्मेईपासून येते. यादीत नाव केइताईचे आहे, कारण यादी पुरुषांची आहे. पण दूरच्या पातीतून आलेल्या त्या प्रौढ गृहस्थाला यामातोच्या गादीशी बांधले ते ताशिराकाने.

बडोदेकरांना हे वाचताना १८७० ते १८७५ चे दिवस आठवतील. खंडेराव महाराज वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. पुढे मुलगी झाली, म्हणून गादी मल्हाररावांकडे राहिली. ते पदच्युत झाल्यावर २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाडांचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, आणि सयाजीराव महाराज बडोद्याला मिळाले. खेड्यातल्या पातीतला मुलगा गादीवर आला, आणि त्याला गादीवर आणणारा हात घरातल्या बाईचा होता.

आमच्या घरातही एक कुर्सीनामा आहे. अकरा पिढ्यांचा. त्यात सत्तर-ऐंशी पुरुषांची नावे आहेत, आणि बाई एकही नाही. दोन ठिकाणी दत्तक आहे. ‘दत्तक’ एवढेच लिहिले आहे. तो कोणी घेतला, कोणाच्या ओटीत घातला, ती कोणाची लेक होती, याचा पत्ता नाही. केइताईची हकीकत वाचल्यापासून त्या कागदाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहतो. जिथे जिथे वंश तुटायला आला, तिथे तिथे एखादी बाई उभी असणार. तिचे नाव लिहिण्याची पद्धत नव्हती, एवढेच.

जपानी कागद या बाबतीत आमच्याहून प्रामाणिक आहे. ५९२ साली सम्राट सुशुन याचा बलाढ्य सरदार सोगा नो उमाको याने खून करविला, तेव्हा किम्मेईची मुलगी सुइको गादीवर बसली. तेव्हापासून ७७० पर्यंत झालेल्या सोळा कारकिर्दींपैकी आठ स्त्रियांच्या आहेत. सहा स्त्रिया, त्यांपैकी दोघी दोनदा गादीवर आल्या. वंशावळ लिहून घेणारी गेम्मेई त्यांतलीच, आणि निहोन शोकी ज्या सम्राज्ञीला सादर झाला ती गेन्शो गेम्मेईची मुलगी. मात्र या सगळ्या बापाकडून राजवंशातल्या होत्या. आईकडून हक्क पोहोचून कोणी बसले नाही, हेही सांगितले पाहिजे.

यादी आणि शिक्षा

‘१२६’ हा आकडा दगडावरची रेघ नाही. तेम्मूशी लढताना मेलेला पुतण्या १८७० साली, बाराशे वर्षांनी, ‘सम्राट कोबुन’ म्हणून यादीत घातला गेला. जिंगूला जुन्या याद्यांत पंधरावी जागा असे. आजच्या यादीत ती नाही. चौदाव्या शतकातील चोकेई १९२६ साली यादीत आला. जुने कागद तपासून आकडा ठरविला, यात लाजण्यासारखे काही नाही. संकट आले ते हा आकडा श्रद्धेचा विषय झाल्यावर.

१९४० साली जिम्मूच्या राज्यारोहणाला २६०० वर्षे झाली म्हणून जपानभर प्रचंड उत्सव झाला. युद्धात गाजलेल्या ‘झिरो’ विमानाला ते नाव याच २६०० च्या शेवटच्या शून्यावरून मिळाले. त्याच वर्षी त्सुदा सोकिची या इतिहासाच्या प्राध्यापकांची चार पुस्तके सरकारने बंद केली. त्यांचे म्हणणे एवढेच की, जिम्मूपासूनच्या पहिल्या राजांची वृत्ते इतिहास नसून, राजसत्तेचे समर्थन करण्यासाठी दरबारात मागाहून रचलेल्या कथा आहेत. विद्यापीठातील जागा त्यांना सोडावी लागली. १९४२ साली राजघराण्याच्या अप्रतिष्ठेबद्दल त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली, तीही तहकूब. प्रकाशकालाही शिक्षा झाली. १९४४ साली मुदत टळल्याच्या कारणावरून खटला निकालात निघाला.

युद्ध संपले, वारे फिरले, आणि आता हे गृहस्थ सम्राटांविरुद्ध बोलतील असे पुष्कळांना वाटले. १९४६ साली त्सुदांनी लेख लिहिला तो सम्राटपदाच्या बाजूने. कथा खोट्या ठरल्या म्हणून घराणे खोटे ठरत नाही, ही त्यांची भूमिका. कागदातील चूक दाखविणारा मनुष्य घराचा वैरी असतोच असे नाही, हे त्यांच्या सरकारला समजले नव्हते.

याहून मोठी गंमत म्हणजे निहोन शोकीच्या कर्त्यांना ते समजले होते. केइताईच्या मृत्यूचे साल देताना त्यांना दोन मते आढळली. एका मताने ते ५३४ होते. कोरियातील पेक्चे राज्याच्या कागदात ५३१ होते. त्यांनी ५३१ स्वीकारले, दुसरे मतही नमूद केले, आणि पुढे जे तपास करतील त्यांना खरे कळेल, अशा अर्थाची टीप देऊन ठेवली. बाराशे वर्षांनी त्सुदा आले ते त्या टिपेच्या आमंत्रणावरूनच, असे म्हणायला हरकत नाही.

अजूनही तपासाला पुष्कळ जागा आहे. किल्लीच्या छिद्रासारख्या आकाराच्या त्या प्रचंड समाध्या आपल्याकडच्या खानगी खात्यासारख्या एका खात्याच्या ताब्यात आहेत आणि त्यांचे मोकळे उत्खनन होत नाही. सरकारी यादीत केइताईची समाधी एका ठिकाणी आहे. बहुतेक पुरातत्त्वज्ञ ती ताकात्सुकी शहरातील इमाशिरोझुका येथे मानतात. ती यादीबाहेर राहिल्यामुळे तिचे उत्खनन होऊ शकले, आणि मातीच्या घोड्यांची, माणसांची, घरांची मोठी रांग बाहेर आली.

आता पुढे काय?

केइताईची युक्ती एकदाच वापरली गेली असे नाही. १७७९ साली सम्राट गो-मोमोझोनो एक लहान मुलगी मागे ठेवून वारले. कानइन नावाच्या पातीतील आठ-नऊ वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून आणला, तो सम्राट कोकाकू. मोठेपणी त्याचे लग्न त्याच गो-मोमोझोनोंच्या मुलीशी लावून दिले. आजचे घराणे या कोकाकूपासून सरळ चालत आले आहे.

पुढे १८८९ च्या कायद्याने घराण्यात दत्तक घेणे बंद केले आणि स्त्रियांचा हक्कही काढला. १९४७ च्या कायद्याने दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या. त्याच वर्षी अकरा पाती, मिळून ५१ माणसे, राजघराण्यातून बाहेर पडून सामान्य नागरिक झाली. राजकन्येने बाहेर लग्न केले की ती कायद्याने घराण्यातून जाते. चारी दारे बंद करून घर टिकवायचे, असा हा प्रकार.

२००५ साली एका सरकारी समितीने, पहिले अपत्य मुलगा असो वा मुलगी, गादी त्याला द्यावी असे सुचविले. पुढच्याच वर्षी हिसाहितो जन्मला आणि विषय मागे पडला. २०२१ च्या अखेरीस दुसऱ्या समितीने दोन मार्ग सांगितले: लग्नानंतरही राजकन्यांना घराण्यात ठेवावे, किंवा १९४७ साली बाहेर पडलेल्या पातींतील पुरुष दत्तक घ्यावेत. या पातींचा आजच्या घराण्याशी पुरुषांकडून संबंध सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचा. त्यापुढे केइताईच्या पाच पिढ्या म्हणजे शेजारचे घर वाटावे.

दत्तकाचे समर्थक केइताईचा दाखला देतात. तो दाखला खरा आहे, पण अर्धा. केइताई एकटा आला असता तर त्याचे घराणे टिकले असते की नाही, कोण जाणे. त्याच्या शेजारी ताशिराका होती. कोकाकूच्या शेजारी गो-मोमोझोनोंची लेक होती. जुन्या जपानी मुत्सद्द्यांनी दूरचा भाऊबंद आणला, तेव्हा घरच्या लेकीला दाराबाहेर काढले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ‘अखंड’ या शब्दाचा अर्थ तिथे आहे. धागा तुटलाच नाही असे नव्हे. तुटायला आला तेव्हा गाठ मारणारे शहाणे लोक भेटत गेले, आणि गाठ लपविण्याची गरज त्यांना वाटली नाही.

पुढची गाठ कशी मारायची हे जपानी लोकांचे जपानी लोकांनी ठरवायचे आहे. मात्र त्या बाबतीत आपले मत देण्याचा हक्क कागदाला असता, तर सातव्या-आठव्या शतकातील त्या आठ कारकिर्दींची पाने आधी उलगडली गेली असती. राहिली गोष्ट आमच्या घरच्या कागदाची. त्यावर दोन दत्तकांच्या शेजारी कोरी जागा आहे. त्या दोघी बायांची नावे कळविणारा कोणी आप्त भेटला, तर ती तिथे लिहून ठेवण्याचा माझा विचार आहे.